शेतजमिनीचं जंगल होताना: हार्टवूड, आणि आपल्याकडचे प्रश्न

वनवाटा (धागाकर्ती)

लंडनच्या उत्तरेला, सेंट अल्बन्सजवळ सँडरिज नावाचं खेडं आहे. त्याला लागून असलेली ८५८ एकर, म्हणजे ३४७ हेक्टर जमीन २००८ साली वुडलँड ट्रस्ट या संस्थेने विकत घेतली. वर्षानुवर्षं नांगरलेली, खतं आणि फवारण्या पचवलेली पिकाऊ जमीन. २००९ मध्ये तिथे लागवड सुरू झाली आणि २०१८ पर्यंत सहा लाख झाडं लागली. सगळी इथली, याच मातीतली झाडं: ओक, हॉर्नबीम, बर्च, हेझल, फील्ड मेपल, हॉथॉर्न आणि बाकीची. लावणारे हजारोंनी आलेले स्वयंसेवक होते, त्यांत शाळकरी मुलं भरपूर. आज त्याला हार्टवूड फॉरेस्ट म्हणतात. तिकीट नाही, कुणीही यावं आणि चालावं.

मी याच भागात राहते. लागवडीच्या कामाला जात असे, आता फिरायला जाते. या मंचावर ‘पडीक जमिनीवर जंगल करायचं आहे, कुठली झाडं लावू?’ असा प्रश्न बरेचदा येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. रोप लावणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. जंगल होणार की नाही, हे जमीन कुठली निवडली आणि पुढची वीस-तीस वर्षं तिच्याकडे कोण बघणार यावर ठरतं. आणि बघणारी माणसं हवी असतील तर त्यांना तिथे पाय ठेवता आला पाहिजे.

आता लागवड. इथे ती नोव्हेंबर ते मार्च करतात, झाडं निजलेली असतात तेव्हा. आपल्यासारखी पिशवीतली रोपं नसतात. माती झाडून टाकलेली, उघड्या मुळांची, हातभर उंचीची नुसती काडी. मुळं वाऱ्याला लागून सुकली की रोप गेलंच, म्हणून शेवटच्या क्षणापर्यंत ती झाकलेल्या पिशवीत ठेवायची. फावडं उभं खुपसायचं, पुढे-मागे रेटून फट करायची, मुळं न दुमडता आत सोडायची, मग रोप किंचित वर ओढून त्याची मान मातीच्या पातळीला आणायची आणि बुटाच्या टाचेने फट दाबून बंद करायची. गारगोट्या इतक्या की दर तिसऱ्या-चौथ्या घावाला फावडं खणखणतं. शेजारची सात-आठ वर्षांची मुलगी हे सगळं बिनचूक करत होती, त्यामुळे अवघड काही नाही हे पटावं. रांगा मात्र सरळ ठेवायच्या नाहीत. वाकड्या-तिकड्या, कुठे दाट कुठे विरळ, मध्येच मोकळी जागा. नाहीतर पुढे चाळीस वर्षांनीही ते शेतच दिसतं.

हार्टवूडचं खरं धन लावलेल्या झाडांत नाही असं मला वाटतं. त्या शेतांच्या मधेमधे लँगली वूड, पडलर्स वूड अशी जुन्या रानाची छोटी छोटी बेटं शिल्लक होती. इंग्लंडमध्ये सन १६०० पासून अखंड चालत आलेल्या रानाला ‘प्राचीन’ मानतात, त्यातली ही. एप्रिलच्या शेवटी तिथे जमीन ब्लूबेलच्या फुलांनी निळी होते. चहूबाजूंनी नांगर फिरत असताना ही बेटं एकेकटी पडली होती. नवी लागवड त्यांना एकमेकांशी जोडते आणि भोवती गादी घालते. ही जमीन निवडली त्यात मला हे सगळ्यात शहाणपणाचं वाटतं.

शिवाय सगळीकडे झाडं लावलेली नाहीत. मोठा भाग रानफुलांच्या गवताळ कुरणाचा ठेवलाय, कारण तिथे जमिनीवर घरटं करणारा चंडोल आहे, गव्हाणी घुबड उंदरांवर फिरतं, ससे आहेत. एक सामुदायिक फळबाग आहे आणि एक वृक्षोद्यान, जिथे ब्रिटनमधल्या साठच्या साठ स्थानिक वृक्षजाती एकत्र बघायला मिळतात.

प्रश्न विचारा, अनुभव लिहा. आपल्याकडे असं कुणी करत असेल तर तेही वाचायला आवडेल.

अनुजा_हॅरो

किती छान माहिती! लंडनपासून इतक्या जवळ आहे हे माहीतच नव्हतं. ट्रेनने जाता येईल का? आईला गुडघ्यांचा त्रास आहे, तिला झेपेल का?

वनवाटा

अनुजा, सेंट अल्बन्स सिटी स्टेशनपर्यंत ट्रेन, तिथून सँडरिजसाठी बस बघ. आईंना घेऊन येणार असशील तर मे-जूनमध्ये ये. हिवाळ्यात चिखल इतका चिकट असतो की बूट पायातून निघून येतो. ब्लूबेल बघायला आलीस तर वाटेवरूनच चाला, ती पानं तुडवली गेली की तो कंद कित्येक वर्षं सावरत नाही. आणि कुत्रा असेल तर कुरणात दोरीवर ठेव, चंडोलाची घरटी अगदी वाटेच्या कडेलासुद्धा असतात.

रानजाई

धागा आवडला. मी वनस्पतीशास्त्राची, पुण्यात असते, म्हणून मातीबद्दल विचारते. वर्षानुवर्षं खत घातलेल्या जमिनीत स्फुरद साचून राहतं. नांगर थांबला की तिथे आधी उंच गवत आणि खाजकुयलीसारखं अंगाला लागणारं तण माजतं, तुमच्याकडे नेटल म्हणतात ते. रानातली नाजूक फुलझाडं गरीब मातीत तगतात, श्रीमंत मातीत ती गुदमरतात. मग झाडं उभी राहिली तरी खाली जंगल येतं का? वरून वन आणि खाली बांध, असं तर होत नाही ना?

वनवाटा

रानजाई, अगदी मुद्द्याचा प्रश्न. खाली जंगल अजून आलेलं नाही. नव्या लागवडीत शिरलं की पायाखाली गवत आहे, नेटल आहे, कडेला काटेरी ब्रॅम्बल आहे. ब्लूबेल मात्र जुन्या बेटांतच. त्याचं बी जड असतं, आईच्या पायाशीच पडतं, आणि बी रुजल्यापासून फूल यायला पाचएक वर्षं जातात. जांभळ्या व्हायोलेटचं बी मुंग्या वाहून नेतात, म्हणजे मुंगी जाईल तेवढाच त्याचा प्रवास. या हिशेबाने जुन्या रानाची फुलं नव्या रानाच्या मध्यापर्यंत पोहोचायला माणसाच्या काही पिढ्या जातील. म्हणून तर जुन्या बेटाला खेटून लागवड करायची. तुकडा एकाकी असेल तर तिथे ती कधीच पोहोचणार नाहीत.

सावली दाट झाली की गवत आपोआप मागे हटतं, ते काही ठिकाणी दिसू लागलंय.

शिवारातला

मी सांगली जिल्ह्यातला शेतकरी. चांगलं काम आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण मनात आलं ते स्पष्ट विचारतो. ८५८ एकर पिकाऊ जमीन धान्यातून काढली. ते धान्य आता कुठून येतं? दुसऱ्या कुठल्या देशातलं रान तोडून तिथे पिकवलं जात असेल तर जगाच्या हिशेबात मिळवलं काय? आमच्याकडे अशी चर्चा निघाली की पहिला प्रश्न हाच येतो, आणि तो विचारणाऱ्याला लगेच निसर्गाचा वैरी ठरवतात. जमीन कसणाऱ्यालाही झाडाची माया असते. बांधावरचा आंबा आम्हीच जपलाय.

कार्डिफकर

शिवारातला यांच्याशी सहमत, आणि इथल्या ताज्या उदाहरणाची भर घालतो. वेल्सच्या सरकारने शेती अनुदानाची नवी योजना आणली, त्यात अट होती की प्रत्येक शेतावर १० टक्के भागावर झाडं हवीत. २८ फेब्रुवारी २०२४ ला हजारो शेतकरी कार्डिफला संसदेसमोर जमले. त्यानंतर संसदेच्या पायऱ्यांवर गमबुटांचे साडेपाच हजार जोड मांडले गेले. योजनेमुळे शेतीतली साडेपाच हजार कामं जातील असा अंदाज सरकारच्याच अहवालात होता, त्यातली प्रत्येक नोकरी म्हणजे एक जोड. मी ते बूट बघितले. काही लहान मुलांच्या मापाचे होते. त्या वर्षाअखेरीस ती सरसकट १० टक्क्यांची अट मागे घेतली गेली.

लोकांचा राग झाडांवर नव्हता. इथे बाहेरच्या कंपन्या आपल्या कार्बनचा हिशेब जुळवायला आख्खी शेतं विकत घेतात आणि वर झाडं लावतात. त्या घरातलं कुटुंब गेलं की गावातल्या शाळेतली दोन मुलं कमी होतात, चॅपल बंद पडतं, वेल्श बोलणारं एक घर कमी होतं. हार्टवूड शहराला लागून आहे, तिथे लाखो लोकांना चालायला जागा मिळाली, ते वेगळं. डोंगरातल्या खोऱ्यात तोच नमुना नेऊन ठेवला तर ते जंगल कुणासाठी?

वनवाटा

दोघांचंही म्हणणं मला मान्य आहे, आणि शिवारातला दादा, तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. ब्रिटन स्वतःच्या गरजेच्या साधारण ६० टक्के अन्न पिकवतो, बाकी आयात. त्यामुळे चांगल्या जमिनीवर झाडं लावली तर त्याची किंमत कुणीतरी दुसरीकडे मोजतं, हे नाकारता येत नाही.

पण दुसरी बाजूही बघा. इंग्लंडच्या जेमतेम १० टक्के भागावर जंगल आहे, तर ब्रिटनची ७० टक्क्यांच्या आसपास जमीन शेतीत. २०५० पर्यंत इंग्लंडमध्ये झाडांखालचं क्षेत्र १६.५ टक्क्यांवर न्यायचं असं कायद्याने ठरवलंय. ही वाढ शेतजमिनीतूनच येणार, दुसरी जमीन आहेच कुठे? माझ्या मते ती कमी पिकणाऱ्या, चढाच्या, पाणथळ, किंवा शहराला चिकटलेल्या जमिनीतून यावी. आणि ती कसणाऱ्याच्या संमतीने, त्याला पैसे देऊन. खंडाने कसणाऱ्याची तर इथे आणखी पंचाईत: मालकाच्या परवानगीशिवाय तो झाड लावू शकत नाही आणि मालकाने झाडं लावायचं ठरवलं तर याची शेती जाते. त्या माणसाचा विचार न करता आखलेल्या योजनेला मी पाठिंबा देणार नाही.

माळरानी

वाचनखूण साठवली. पण एक धोक्याची सूचना मोठ्या अक्षरात लिहावीशी वाटते: माळरानावर झाडं लावू नका.

मी सोलापूर-बारामती पट्ट्यात फिरते. आपल्याकडे गवताळ माळाची नोंद सरकारी कागदावर ‘पडीक’ अशी होते, आणि पडीक दिसलं की लागवडीचा कार्यक्रम येतो. राज्यात २०१६ ला २ कोटी, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी, २०१९ ला ३३ कोटी अशी वृक्षलागवडीची उद्दिष्टं होती. आकडा गाठायचा तर मोकळी जागा लागते, आणि मोकळी दिसते ती माळ. तिथे चर खणून गिरिपुष्पाची झाडं लावली की धाविक पक्षी उठून जातो, चिंकारा जातो, लांडग्याला पिल्लं घालायला जागा राहत नाही, धनगरांची चराई जाते. माळढोकासाठी नान्नजचं अभयारण्य केलं, तो माळावरचाच पक्षी. त्याला झाडी नको, दूरवर दिसणारं गवत हवं. हजारो वर्षांचं गवताळ रान मोडून तिथे झाडं लावणं, म्हणजे निसर्ग वाढवतोय असं समजून निसर्ग मोडणं.

वनवाटा ताई, तुम्ही चंडोलासाठी कुरण राखल्याचं लिहिलंत ते वाचून फार बरं वाटलं.

कार्डिफकर

माळरानी, +१. ब्रिटननेही हीच चूक केली आहे. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला फ्लो कंट्री नावाचा प्रचंड पाणथळ प्रदेश आहे, हजारो वर्षं साचत आलेल्या पीटचा, म्हणजे पाण्यात अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांचा. १९८० च्या दशकात करसवलतीच्या मोहाने तिथे चर खणून, पाणी काढून, परदेशी सूचिपर्णी झाडं लावली. श्रीमंत लोक दूर लंडनला बसून यात पैसा गुंतवत होते. १९८८ च्या अर्थसंकल्पात ती सवलत बंद झाली. आता तीच झाडं कापून, चर बुजवून पाणी परत अडवण्याचं काम चालू आहे. २०२४ मध्ये तो भाग जागतिक वारसा यादीत गेला.

शिल्पा_केंब्रिज

वेगळा मुद्दा मांडते. लावायची गरज असते का?

केंब्रिजशरमध्ये मंक्स वूड नावाचं जुनं राखीव जंगल आहे. त्याच्या शेजारचं एक बार्लीचं शेत १९६१ साली मुद्दाम सोडून दिलं. चार हेक्टरच्या आसपास. काही लावलं नाही, कुंपण नाही, पाणी नाही. १९९६ मध्ये शेजारचं आणखी एक शेत तसंच सोडलं. शास्त्रज्ञांनी त्याचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला आणि २०२१ मध्ये निष्कर्ष छापले. जुन्या तुकड्यात आज पूर्ण जंगल आहे आणि त्यातली निम्म्याच्या आसपास झाडं ओकची.

ओक आला कसा? ‘जे’ नावाचा कावळ्याच्या कुळातला रंगीत पक्षी आहे. तो हिवाळ्याची बेगमी म्हणून ओकची फळं जमिनीत पुरून ठेवतो. सगळी परत काढत नाही. उरलेली रुजतात. आधी हॉथॉर्न आणि ब्लॅकथॉर्नची काटेरी झुडपं येतात, त्या काट्यांत ओकचं रोप वाढतं, हरणाचं आणि सशाचं तोंड तिथे पोहोचत नाही. ना प्लास्टिकची नळी, ना रोपवाटिका. रोपांबरोबर बाहेरून रोग येण्याची भीतीही नाही. ॲशच्या झाडाला मारणारी बुरशी इथे २०१२ मध्ये सापडली, त्याआधी कितीतरी नव्या लागवडींत ॲश लावलेला होता. ती रोपं उभी वाळताना बघणं वाईट आहे.

अट एकच. शेजारी जुनं रान हवं.

वनवाटा

शिल्पा, मंक्स वूडबद्दल लिहिलंस, खूप आभार. जुन्या रानाच्या कडेला अशी जमीन असेल तर सोडून देणंच उत्तम, यात माझा काही वाद नाही. आणि प्लास्टिकच्या नळ्यांबद्दल बोललीस ते खरंच आहे, त्या तुटून वर्षानुवर्षं रानात पडून राहतात. वुडलँड ट्रस्टनेच २०२१ च्या अखेरपर्यंत त्यांचा वापर थांबवायचं जाहीर केलं होतं.

पण लागवडीतून एक गोष्ट घडली ती सोडलेल्या शेतातून घडली नसती. ज्या मुलांनी तिथे झाड लावलं ती आता कॉलेजात आहेत. घरी आली की ते झाड शोधायला जातात. गावात कुणी त्या जमिनीवर रस्ता काढायचं बोललं तर ही मंडळी पहिली उभी राहतील. सोडलेलं शेत सुरुवातीची पंधरा वर्षं लोकांना गचपण वाटतं. ‘कुणी बघत नाही का इकडे?’ अशी तक्रार येते, आणि तोच काळ सगळ्यात धोक्याचा असतो.

रानजाई

वनवाटा, इथे मी तुमच्याशी पूर्ण सहमत नाही. माणसं जोडायला रोपच हवं असं नाही. पक्ष्यांची मोजणी, तण काढणं, वाटा बांधणं, वणवा अडवणं यातूनही माणूस जमिनीशी जोडला जातो, आणि जास्त टिकाऊपणे जोडला जातो. रोप लावून फोटो काढून गेलेला माणूस उन्हाळ्यात पाणी घालायला येत नाही, हे आपल्याकडे दर वर्षी दिसतं. मी तर म्हणेन लोकांना झुडपाचं कौतुक करायला शिकवूया. करवंदाची जाळी म्हणजे आपल्याकडचा हॉथॉर्नच आहे. तिच्या पोटात आपोआप आलेलं अंजनाचं, जांभळाचं रोप एकदा दाखवलं की लोक जाळी तोडायला धजत नाहीत.

वनवाटा

करवंदाची जाळी! हे मी इथल्या गटाला नक्की सांगणार. रोप लावून पळणाऱ्यांबद्दल तुमचा अनुभव माझ्यापेक्षा जास्त आहे, तेव्हा ऐकते.

अनुजा_हॅरो

एक शंका. सहा लाखांतली किती जगली असतील? आमच्या शाळेच्या मैदानाला लावलेली बरीच झाडं २०२२ च्या उन्हाळ्यात गेली.

वनवाटा

२०१८ चा कोरडा उन्हाळा आणि मग २०२२, जेव्हा जुलैत पारा ४० च्या वर गेला, दोन्ही नव्या झाडांना कठीण गेले. इतक्या मोठ्या जागेवर पाणी घालत फिरणं शक्य नसतं. म्हणून सुरुवातीलाच दाट लावतात, काही जाणार हे धरून. पाण्यासाठी झाडाचा सगळ्यात मोठा स्पर्धक शेजारचं गवत असतं, त्यामुळे पहिली तीन-चार वर्षं बुंध्याभोवतीचं गवत दाबून ठेवलं तर फरक पडतो. शिवाय मिश्र लागवड असल्यामुळे एक जात आजाराने गेली तरी रान उभं राहतं.

आता उलटं काम सुरू व्हायची वेळ येतेय: विरळणी. दाट वाढलेली काही झाडं कापावी लागतात, तरच उरलेली फांद्या पसरतात आणि जमिनीपर्यंत ऊन पोहोचतं. स्वतःच्या हाताने लावलेलं झाड कापताना बघून लोक हळहळतात, काही चिडतात. ते का करतोय हे आधी सांगावं लागतं, वाटेवर पाटी लावून, शाळेत जाऊन. हे काम कुणी ‘लागवड’ म्हणून मोजत नाही, पण जंगल याच कामाने होतं.

देवरुखचा

बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितो. आमची संगमेश्वर तालुक्यात वरकस जमीन आहे, डोंगर उताराची. आजोबांच्या काळात तिथे नाचणी-वरी व्हायची. माणसं मुंबईला गेली, शेती थांबली, रान वाढलं. मग कंत्राटदार येतो, सरपणाच्या भावाने सगळं उभं रान घेतो, साफ करून जातो. दहाएक वर्षांनी परत येतो. ऐन, किंजळ, कुंभा सगळं मनगटाएवढं झालं की कापायचं. मिळणारे पैसे वाटण्या होऊन इतके थोडे येतात की सांगायला नको.

या वेळी मला कंत्राटदाराला नाही म्हणायचं आहे. झाडं लावायला हवीत का, की नुसतं राखलं तरी पुरे? दुसरं म्हणजे वनवाटा ताई म्हणतात तसं लोकांना येऊ द्यायचं मनात आहे, पण आमच्याकडे वाट मोकळी ठेवली की शिकारी येतात, गुरं येतात, कोयते येतात. तिसरं म्हणजे सातबारा सामाईक आहे.

रानजाई

देवरुखचा, काहीही लावू नका! तुमच्या जमिनीत जंगल आहेच, खोडांत. ऐन आणि किंजळ तोडल्यावर बुडातून फुटतात. एका खोडाला आठ-दहा फुटवे आले असतील तर जोमदार दोन-तीन राखा, बाकी काढा. ते फुटवे जुन्या मुळांवर वाढतात, त्यामुळे नव्या रोपाच्या कितीतरी पुढे असतात. जवळ देवराई असेल तर फारच उत्तम, हेळा, जांभूळ यांचं बी पक्षी आणि वटवाघळं आणून टाकतील. तुमच्याच तालुक्यात पुण्याची एईआरएफ ही संस्था खाजगी रानाच्या मालकांशी तोड न करण्याचे करार करत आली आहे, त्यांना विचारा. तोडीच्या बदल्यात काही मिळकत झाली तर भाऊबंदांना समजावणं सोपं जाईल.

आणि वणवा. तो एकदा फिरला की पाच वर्षांचे फुटवे जातात.

शिवारातला

देवरुखचा, कायद्याची बाजू बघून घ्या. १९६४ च्या वृक्षतोड कायद्यामुळे ठरावीक झाडं स्वतःच्या मालकीत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. १९७५ च्या खाजगी वनांच्या कायद्याने तर कित्येकांची रानं एका तारखेला सरकारजमा झाली. तेव्हापासून माणसाच्या मनात बसलंय की रान वाढू दिलं की जमीन हातची जाते. म्हणून लोक झाड मनगटाएवढं व्हायच्या आत कापतात. मला वाटतं आपल्याकडे जंगल न वाढण्याचं हे एक मोठं कारण आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही.

इंग्लंडसारखं संस्थेने जमीन विकत घेणंही इथे सरळ नाही. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. त्यामुळे आपल्याकडे करायचं तर मालकानेच करायला हवं. देवरुखचांसारख्या मालकाने.

वनवाटा

शिवारातला दादा, तुमचं वाचून इथल्या शेतकऱ्यांची आठवण झाली. इंग्लंडमध्येही एकदा जंगल केलं की ते सहसा परत शेत होत नाही. तोडीला परवाना लागतो आणि तोडल्यावर पुन्हा लावण्याची अट घालतात. ‘नातवाला परत नांगरायचं असेल तर?’ हा प्रश्न इथला शेतकरीही विचारतो, आणि जमिनीची किंमतही उतरते.

वाटेबद्दल: इथे पायवाटांचा हक्क कायद्याने राखलेला आहे, खाजगी शेताच्या मधून जाणारी वाटसुद्धा मालकाला बंद करता येत नाही. पण वाट म्हणजे आख्खं रान नव्हे. लोक ठरलेल्या वाटेने चालतात, बाकी रान त्याच्यापुरतं असतं. कोकणात गावोगाव जांभ्या दगडाच्या पाखाड्या आहेत ना? तुमच्या जमिनीतून एखादी जुनी पाखाडी किंवा वहिवाटीची वाट जात असेल तर तेवढीच साफ करा आणि तीच उघडी ठेवा. रोज चार माणसं चालणाऱ्या वाटेवर चोरटी तोड करणं अवघड होतं. शाळेच्या मुलांना आणा. गुरांचं मात्र गुराख्याशी बसून ठरवावं लागेल, कुठला भाग चरायला आणि कुठला राखीव. त्याला वगळून केलेलं कुंपण टिकत नाही.

देवरुखचा

पाखाडी आहे! वरच्या वाडीतून खाली नदीवर जाणारी. नळाचं पाणी आल्यापासून कुणी उतरत नाही, पालापाचोळ्याखाली गेलीय. दोन चुलतभावांशी काल फोनवर बोललो. एक तयार आहे. दुसरा म्हणतो कंत्राटदार जेवढे देणार होता तेवढे त्याच्या वाट्याचे मी द्यावेत, मग सही करतो. देईन म्हणालो. तिसरी वाटेकरी म्हणजे आत्या, ती बोरिवलीला असते, तिला भेटायला जावं लागेल.

माळरानी

देवरुखचा, मनापासून शुभेच्छा. पावसाळा संपल्यावर जमिनीचे फोटो टाका, विशेषतः वरचा सडा, म्हणजे माथ्यावरचं उघडं कातळाचं पठार. कातळसड्यावर झाडं येऊ द्यायच्या फंदात पडू नका, तिथली पावसाळी फुलं वेगळाच खजिना आहे.

रानजाई

आत्यांना भेटायला जाल तेव्हा सातबारा आणि गटाचा नकाशा बरोबर ठेवा, देवराई कुठल्या बाजूला आहे ते मलाही कळवा. शिमग्याच्या आधी कडेने जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारा मोकळा पट्टा, काढून झालीच पाहिजे, त्यासाठी वाडीतली चार माणसं रोजावर घ्या, पोरांच्या उत्साहावर सोडू नका. मी दिवाळीनंतर रत्नागिरीकडे येणार आहे. तेव्हा एक दिवस येते आणि कुठल्या खोडाचे कुठले फुटवे ठेवायचे ते तिथे बसून ठरवू. कंत्राटदाराला तेवढं आजच कळवून टाका.

देवरुखचा

कळवलं.